एक मिनिट बारा सेकंद

‘सात आकड्यापाशी जो चरा दिसतो, तो काचेवर आहे की काचेभोवतीच्या कड्यावर?’

उदयसिंह नावाच्या गिऱ्हाइकाचा हा नववा प्रश्न होता. कृष्णात मगदूम नेरूळच्या आपल्या घराच्या गॅलरीत उजेडाकडे तोंड करून बसला होता. डोळ्याला घड्याळजीचं भिंग, मांडीवर पिवळं फडकं आणि फडक्यावर पाणबुडे वापरतात तसलं जुनं, जाडजूड स्विस घड्याळ. त्यानं चरा न्याहाळला, पट्टी लावून मोजला आणि फोनवर उत्तर लिहिलं, ‘कड्यावर. दोन मिलिमीटर. थोडा तिरका.’ सोबत जवळून काढलेला फोटोही पाठवला.

‘एवढी चौकशी तर मला बघायला आला होतात तेव्हा तुमच्या घरच्यांनीसुद्धा केली नव्हती,’ कपडे वाळत घालता घालता त्याची बायको ज्ञानेश्वरी म्हणाली.

कृष्णात हसला. खरं तर तो मनातून खूश होता. ॲपवर जुनी घड्याळं विकायला लागल्यापासून त्याला नाना तऱ्हेची माणसं भेटली होती. कुणी ‘लास्ट प्राइस’ एवढंच विचारून गायब व्हायचं, कुणी जुन्या मोबाइलच्या बदल्यात घड्याळ मागायचं. हा माणूस मात्र जाणकार होता. वजन नेमकं किती, मागचं झाकण उघडल्यावर आतल्या यंत्रावर कोणता आकडा कोरलाय, झाकणाच्या आतल्या अंगाला कुणा कारागिराची खूण आहे का, असं मोजकंच विचारायचा. प्रत्येक निरोपाच्या शेवटी ‘दादा’ म्हणायचा. गोड बोलून गळा कापणारी माणसं कृष्णातनं पाहिली नव्हती असं नाही, पण ती सगळी घाईत असायची. याला घाई अशी नव्हतीच.

नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात कृष्णात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होता. ताकही फुंकून पिणारा माणूस. नटाखाली घालायचा एक वायसर कमी भरला तर जेवणाची सुट्टी विसरून रॅक उपसत बसायचा आणि तो सापडला की हातात धरून सगळ्यांना दाखवायचा. हाताखालची पोरं मागून त्याला ‘वायसर’च म्हणत. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला आणि घड्याळांचा जुना नाद त्याला कामाला आला. स्वतःची चारदोन विकली. मग ओळखीतले लोक आपली जुनी घड्याळं, कॅमेरे, पेनं त्याच्याकडे आणून देऊ लागले. फोनच्या भानगडी त्यांना जमत नव्हत्या आणि कृष्णातवर त्यांचा विश्वास होता. तो थोडी दलाली घ्यायचा. त्यानं विकलेला एकही माल आजवर परत आला नव्हता.

त्याचं कारण त्याची पद्धत. ॲपवर गिऱ्हाइकानं पैसे भरले तरी ते सात दिवस ॲपकडेच राहतात. तेवढ्यात गिऱ्हाइकानं ‘वस्तू बनावट निघाली’ अशी तक्रार केली की विकणाऱ्याला ती खरी असल्याचं सिद्ध करावं लागतं. म्हणून कृष्णात माल मालकासमोरच सील करायचा आणि त्याचा सलग व्हिडिओ काढायचा. नंबर दाखवायचा, वजन करायचा, डब्यात ठेवायचा, चिकटपट्टी लावायचा, त्यावर मालकाची सही घ्यायचा. एकदा सुरू केलेला कॅमेरा कुरियरवाल्याच्या हातात पाकीट पडेपर्यंत बंद करायचा नाही, हा त्याचा नियम होता.

हे घड्याळ निशांतच्या आईचं होतं. निशांत पूर्वी त्याच स्टोअरमध्ये कृष्णातच्या हाताखाली सहा वर्षं होता. आता तो उरणला कंटेनर यार्डात सुपरवायझर होता आणि भागीदारीत एक ट्रेलर घ्यायच्या खटपटीत होता. त्याचे वडील पोपट जहाजावर इंजिनखात्यात कामाला असायचे. एका परदेशी अधिकाऱ्यानं बोट सोडताना आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून त्यांना दिलं होतं. पोपट वारले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ते त्यांच्या बायकोच्या, यशोदाबाईच्या, पत्र्याच्या पेटीत होतं. त्याची किंमत साडेपाच लाखांच्या आसपास जाईल असं कृष्णातनं सांगितलं तेव्हा निशांतनं तो आकडा पुन्हा सांगायला लावला. यशोदाबाईनं घड्याळ मुलाच्या हातात दिलं आणि ती चुलीपाशी जाऊन बसली, असं त्यानंच पुढे कृष्णातला सांगितलं.

नवव्या प्रश्नानंतर उदयसिंहचा फोन आला. आवाज हळू, मराठी स्वच्छ. वडिलांकडे अगदी असंच घड्याळ होतं म्हणाला. घासाघीस केलीच नाही. फक्त बारा दिवसांची मुदत मागितली, कारण तो परगावी होता. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवू नका एवढीच विनंती केली. कृष्णातनं शब्द दिला. ते बारा दिवस त्याला कशासाठी हवे होते, हे कृष्णातला फार उशिरा कळलं. त्या वेळी त्याला वाटलं, आजकाल असा सभ्य माणूस मिळत नाही.

तेराव्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला पूर्ण रक्कम भरल्याचा निरोप आला.

त्याच दुपारी कृष्णात घड्याळ घेऊन उरणजवळच्या निशांतच्या गावी गेला. पूर्वी त्या घराच्या ओट्यावरून मिठागरं दिसत असत. आता कंटेनरच्या थप्प्या दिसत होत्या, लाल, निळ्या, एकावर एक पाच. निशांत येणार होता, पण यार्डाच्या फाटकात एक ट्रेलर अडकला म्हणून त्याला निघता आलं नाही. सून माहेरी गेली होती. घरात यशोदाबाई एकटीच होती. कृष्णातनं चार पाट एकावर एक रचून त्यावर फोन टेकवला, कॅमेरा सुरू केला आणि कामाला लागला. पुढून दाखवलं, मागून दाखवलं, झाकण उघडून आतला आकडा मोठ्यानं वाचला. सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवलं. चौऱ्याण्णव ग्रॅम. आता डब्यात ठेवायचं, तेवढ्यात यशोदाबाई म्हणाली, ‘थांब जरा.’

तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. कृष्णातला आधी काही उमगलं नाही.

‘तो फोन बंद कर.’

‘मावशी, एकदा सुरू केला की बंद करत न्हाई मी. काय करायचंय ते करा की, असू दे चालू.’

‘घरातली वस्तू जातेय. तिला कुकू लावायचंय मना.’ तिनं आवाज खाली आणला. घरात दुसरं कुणी नव्हतं तरी खाली आणला. ‘अकरा वरसं झाली, या करंड्याला हात लावला नाय मी. देवाला पन सून लावते. पन हे त्यांचं घड्याल हाय. मीच लावनार. फोनमदे निशांत बगंल, त्याचे बायकोचे घरचे बगतील. बंद कर बाबा.’

कृष्णात घुटमळला. एकतीस वर्षांत त्यानं मॅनेजरच्या सांगण्यावरूनही नियम मोडला नव्हता. पण त्याला त्याची आई आठवली. वडील गेल्यावर गावात कुणाकडे हळदीकुंकू असलं की ती मागच्या दारानं शेतावर निघून जायची आणि त्यानं तिला कधी काही विचारलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी त्याला त्याची लाज वाटली. त्यानं फोन बंद केला आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला.

मागे काही आवाज झाला नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘झालं. कोनाला सांगू नको हां.’

‘न्हाई सांगणार.’

‘माजी शपथ घे.’

त्यानं घेतली. वळून पाहिलं तर कड्याच्या खाचांमधून कुंकू भरलं होतं, एक बारीक लाल रेघ. ती पुसावी असं त्याच्या मनात आलं, पण तिच्यासमोर ते त्याच्यानं झालं नाही. त्यानं फोन पुन्हा सुरू केला, घड्याळ तिच्यादेखत डब्यात ठेवलं, पट्ट्या लावल्या, त्यावर तिची वेडीवाकडी सही घेतली आणि दारात आलेल्या कुरियरवाल्याच्या हातात पाकीट देईपर्यंत कॅमेरा चालू ठेवला. व्हिडिओचे दोन तुकडे झाले होते, मधे एक मिनिट बारा सेकंद रिकामे. परत येताना गाडीत ते त्याला जरा खुपत राहिलं. मग त्यानं स्वतःलाच समजावलं की गिऱ्हाईक चांगलं आहे, एवढ्यानं काही आभाळ कोसळत नाही.

पाकीट चौथ्या दिवशी पोचलं. सहाव्या दिवशी ॲपवर तक्रार आली, ‘घड्याळ बनावट आहे.’ खाली उदयसिंहचा शेवटचा निरोप होता, ‘दादा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ त्यानंतर त्याचा फोन लागलाच नाही.

माल परत आला तेव्हा ज्ञानेश्वरीनं व्हिडिओसाठी फोन धरला आणि कृष्णातनं तिच्यासमोर पाकीट फोडलं. घड्याळ तळहातावर पडलं आणि झाकण उघडायच्या आधीच त्याला कळलं. काट्यावर ठेवलं, नव्वद ग्रॅम. आत चिनी यंत्र होतं, पण त्यावर तोच आकडा कोरलेला. कड्याच्या खाचा कोऱ्या, त्यांत लालीचा कणही नाही. सात आकड्यापाशी मात्र चरा होता. पट्टी लावायची गरज नव्हती तरी त्यानं लावली. दोन मिलिमीटर, थोडा तिरका.

‘मीच माप दिलं त्याला,’ तो म्हणाला. ज्ञानेश्वरीनं फोन खाली ठेवला.

त्यानं ॲपला सगळं लिहिलं. प्रश्नोत्तरं जोडली, वजनातला फरक दाखवला. सायबर पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी ती नोंदवून घेतली, पत्ता भाड्याच्या खोलीचा निघाला, तपासाला वेळ लागेल असं सांगितलं. ॲपचं उत्तर दोन दिवसांनी आलं, फार अदबीचं. वजन आणि आकडा व्हिडिओत पडलेल्या खंडाच्या आधी दिसतात, सील खंडानंतर. मधल्या काळात वस्तू बदललेली नाही याचा पुरावा नाही. खंड का पडला, याचं कारण कृपया कळवावं.

उत्तराच्या रिकाम्या चौकटीकडे कृष्णात अर्धा तास पाहत बसला. खरं लिहावं तर शपथ मोडत होती. शिवाय ॲपवर घड्याळाचे मालक म्हणून निशांतचं नाव होतं, प्रत्येक पत्राची प्रत त्याला जात होती. शेवटी त्यानं लिहिलं, ‘फोनची बॅटरी संपली.’ आयुष्यभर वायसर मोजणाऱ्या माणसानं हिशेबात घातलेलं हे पहिलंच खोटं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि पाठवलं. तीन दिवसांनी निकाल आला. गिऱ्हाइकाला पैसे परत गेले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी निशांत आईला घेऊन नेरूळला आला. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. यशोदाबाई चार मजले चढून आली, धापा टाकत खुर्चीवर बसली आणि तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं. निशांत बसला नाही. त्यानं आजही वाकून काकांच्या पाया पडल्यासारखं केलं, जुनी सवय. मग खिशातून फोन काढला.

‘काका, मी दोन्ही व्हिडिओ बघितले. दहादा बघितले,’ तो म्हणाला. ‘पहिला संपतो तीन वाजून चौदा मिनिटांनी. दुसरा सव्वातीनच्या पुढं सुरू होतो. बॅटरी संपलेला फोन एका मिनिटात चार्ज होऊन चालू होतो का? तुमीच शिकवलंय मला, आकडे खोटं बोलत नाय म्हणून.’

कृष्णातनं त्याच्यासाठी खुर्ची पुढं ओढली.

‘घड्याळ तीन आठवडे तुमच्या घरी होतं. आई होती तिथं, पण तिला मोतीबिंदू, तिला काय दिसतंय. तिला विचारलं तर बोलते, मना ठाव नाय. मग तुमीच सांगा ना. एवढंच सांगा, बंद का केला?’

यशोदाबाईची मान खाली होती. कृष्णातनं तिच्याकडे पाहायचं कटाक्षानं टाळलं. आपण पाहिलं तर ते मागणं मागितल्यासारखं होईल, आणि तिच्याकडे काही मागायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटत होतं. तो म्हणाला, ‘चूक माझी झाली. माझ्याकडं एकोणीस घड्याळं हायत. समदी घेऊन जा.’

‘ती नको. आमचं पाहिजे.’ निशांतचा आवाज पहिल्यांदाच फुटला. ‘घर बघू द्या मला. नसंल तर तुमच्या पाया पडून जातो.’

ज्ञानेश्वरीनं नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते कृष्णातला सहन झालं नाही. तिला सगळं ठाऊक नव्हतं. शपथ म्हणजे शपथ, त्यानं तिलाही काही सांगितलं नव्हतं. त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टीपॉयवर ठेवला आणि ‘बघ बाबा’ म्हणाला.

निशांतनं कपाट उघडलं. स्टोअरमध्ये शिकवलं होतं तसंच तो शोधत होता, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, एकेक वस्तू काढून, बघून, पुन्हा जागेवर ठेवत. साड्यांच्या घड्या उलगडल्या. दिवाणाखालच्या गोधड्या निघाल्या. देव्हाऱ्याचा खालचा खण उघडला. समोरच्या फ्लॅटमधली अस्मिता दूध आणायला बाहेर पडली होती, ती उघड्या दारातून क्षणभर आत पाहून चटकन निघून गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीत बोभाटा होईल, हे कृष्णातला दिसत होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना.

मग निशांत स्वयंपाकघरात गेला. डबे हलवून पाहायचा आवाज आला. तांदळाचा मोठा डबा त्यानं ओट्यावर ओढला, झाकण काढलं आणि बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घातला.

‘हात काढ त्यातून.’

यशोदाबाई दारात उभी होती. ती खुर्चीवरून कधी उठली ते कुणी पाहिलं नव्हतं.

‘आई, तू बस.’

‘हात काढ बोलते ना मी. फोन मी बंद करायला लावला. बापाचे घड्यालाला कुकू लावलं तुज्या. या हातानं लावलं.’ तिनं उजवा हात थोडा वर केला आणि लगेच खाली घेतला. ‘याला शपथ घातली मी. त्यानं पाठ फिरवली आनि उभा रायला. मंग माज्यासमोर डब्यात ठेवलं त्यानं. खाचंत कुकू होतं, लाल. मना मोतीबिंदू हाय, पन कुकू दिसतं मना.’

निशांतनं हात बाहेर काढला. हाताला चिकटलेले तांदूळ त्यानं झटकले नाहीत. तो आईकडे पाहत होता, ओळख नसलेल्या बाईकडे पाहावं तसा.

‘तू?’ तो म्हणाला. ‘तू लावलंस?’

‘हो. मीच.’

‘आणि इतके दिवस मला इथं... काकांच्या घरात...’ त्याचं वाक्य पुरं झालं नाही. त्यानं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही तेव्हा वरून दाबलं. ज्ञानेश्वरीनं पुढं केलेला पाण्याचा ग्लास त्याला दिसलाच नाही. कृष्णातसमोर येऊन तो हात जोडायला गेला, पण जोडलेच गेले नाहीत. तो तसाच बाहेर पडला. जिन्यावरून त्याचे बूट खाली जाताना ऐकू आले, भरभर.

यशोदाबाईनं पिशवी उचलली. चहा घेऊन जा, असं ज्ञानेश्वरी म्हणाली, पण ती नको म्हणाली. कृष्णात तिच्यासोबत निघाला. कठडा धरून ती एकेक पायरी उतरत होती आणि तो एक पायरी पुढं राहून उतरत होता, तोल गेला तर धरता यावं म्हणून.

‘मावशी, सांगायला नको होतं तुमी,’ दुसऱ्या मजल्यावर तो म्हणाला. ‘मी निभावलं असतं.’

‘तुजी बायको उभी होती तिथं,’ ती म्हणाली. ‘तिच्या तांदलात हात घातला त्यानं.’

खाली आले तर फाटकापाशी निशांतची मोटारसायकल नव्हती. वॉचमननं सांगितलं, साहेब गेले. यशोदाबाई रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहत थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि स्टेशनची वाट विचारली. कृष्णातनं रिक्षा बोलावू का म्हटलं, उरणपर्यंत सोडायला येऊ का म्हटलं. ती नाही म्हणाली, पण तो बरोबर चालत राहिला तेव्हा तिनं हरकतही घेतली नाही. रविवार असल्यानं तिकिटाच्या खिडकीवर गर्दी नव्हती. त्यानं खिशात हात घातला, तिनं मानेनंच नको म्हणून सांगितलं आणि कनवटीची नोट काढून खिडकीतून आत सरकवली.

‘उरन,’ ती म्हणाली. ‘एकच.’